‘ओबामाकेअर नको, पण माझं कायनेक्ट राहू द्या’ : आरोग्यसुधारणा, प्रचार आणि लोकांचं मत

ब्लूग्रासकर (लुईव्हिल, केंटकी), ५ नोव्हेंबर २०२५

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आज मांडतोय. इथे अमेरिकेत महिनाभर केंद्र सरकारचं कामकाज ठप्प आहे आणि भांडणाचं मूळ आहे आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचं वाढीव अनुदान. २०२१ मध्ये ते वाढवलं होतं, त्याची मुदत या वर्षअखेर संपते. अनुदान गेलं तर लोकांच्या खिशातून जाणारा हप्ता सरासरी दुपटीपेक्षा जास्त होईल असा अंदाज आहे. १ तारखेपासून पुढच्या वर्षाची नोंदणी सुरू झालीय आणि नवे आकडे पाहून लोक हादरलेत.

पण मला सांगायचंय ते आमच्या शेजारीणबाईंबद्दल. वय आता साठीच्या आसपास. एका छोट्या खाणावळीत स्वयंपाक करतात. मालकाकडून विमा नाही. मधुमेह आहे, इन्सुलिन लागतं. २०१३ पर्यंत त्या इन्सुलिन पुरवून पुरवून वापरायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या वर्षी ऑक्टोबरात इथे ‘कायनेक्ट’ सुरू झालं. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यानुसार (यालाच लोक ओबामाकेअर म्हणतात) प्रत्येक राज्याला विमा खरेदीची स्वतःची बाजारपेठ उभारायची मुभा होती. आमचे तेव्हाचे गव्हर्नर स्टीव्ह बेशीअर यांनी ती उभारली आणि तिला हे नाव दिलं. बाईंना अनुदानासह विमा मिळाला. ते पत्र त्यांनी फ्रिजच्या दारावर कोंबड्याच्या चुंबकाखाली लावलं.

आणि त्याच बाई मला अंगणात म्हणाल्या, ‘ओबामाकेअर या देशाचं वाटोळं करणार. बरं झालं आपल्या राज्याने स्वतःचं काढलं.’

मी सांगायचा प्रयत्न केला की दोन्ही एकच आहे. त्यांना ते पटलं नाही. या बाई मूर्ख नाहीत. घरखर्चाचा हिशोब त्या पैशापैशाने ठेवतात. शिवाय त्या एकट्या नव्हत्या. २०१४ च्या एका पाहणीत केंटकीतल्या ५७ टक्के मतदारांचं ओबामाकेअरबद्दल मत वाईट होतं आणि कायनेक्टबद्दल वाईट मत फक्त २२ टक्क्यांचं!

प्रश्न असा: सुधारणा चांगली असली तरी लोकांच्या गळी का उतरत नाही? नावामुळे, प्रचारामुळे, की आपण समजावण्यात कमी पडतो? तुमच्याकडचे अनुभव लिहा, भारतातलेही चालतील.

मंजिरी_७८ (न्यू जर्सी), ५ नोव्हेंबर

नावाचाच खेळ आहे हो. २०१३ मध्ये एका वाहिनीने पाहणी केली होती. अर्ध्या लोकांना विचारलं ‘ओबामाकेअर’बद्दल, उरलेल्यांना कायद्याच्या खऱ्या नावाने, म्हणजे ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’ म्हणून. पहिल्याला विरोध ४६ टक्के, दुसऱ्याला ३७. मात्र दुसऱ्या नावाने विचारलं तेव्हा ‘आम्हाला माहीतच नाही’ म्हणणारेही खूप जास्त होते. म्हणजे सरकारी नाव वापरलं तर राग कमी, पण ओळखही कमी. चिडवायला विरोधकांनी दिलेलं नाव शेवटी ओबामांनाच आपलं म्हणावं लागलं.

पाटलाचा_मळा, ५ नोव्हेंबर

वाचतोय. बारसं कोण करतं त्यावर बाळाचं नशीब ठरतं म्हणायचं.

शिकागोचे_काका, ५ नोव्हेंबर

मी १९७४ पासून इथे आहे. ओबामांच्या फार आधीपासूनची ही गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला. डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, प्रचाराचं काम करणारी एक कंपनी नेमली आणि त्यासाठी प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर वर्गणी मागितली. शीतयुद्धाचे दिवस होते. ‘सोशलाइज्ड मेडिसिन’ हे दोन शब्द घराघरांत पोचवले गेले आणि प्रस्ताव तिथेच संपला.

१९६१ मध्ये वृद्धांसाठी सरकारी विम्याची चर्चा सुरू झाली तेव्हा त्याच संघटनेने तिच्याविरुद्ध रेगन यांच्या आवाजात एक तबकडी काढली. तेव्हा ते राजकारणात नव्हते, नट होते. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, तबकडी लावायची आणि मग सगळ्यांनी मिळून खासदारांना पत्रं लिहायची, अशी ती मोहीम होती. टीव्हीवरच्या जाहिरातीपेक्षा हे जास्त परिणामकारक, कारण सांगणारी व्यक्ती ओळखीची असते. तरीही ३० जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरवर, म्हणजे वृद्धांच्या या सरकारी विम्यावर, सही केली. त्यासाठी ते मुद्दाम ट्रुमन यांच्या गावी गेले आणि पहिलं कार्ड त्यांनाच दिलं. आज त्याच मेडिकेअरला हात लावायला कुठलाही पक्ष धजत नाही.

पण एकदा लाभ मिळाला की लोक खूश होतात, असं सरळ गणित नाही. १९८८ मध्ये वृद्धांसाठी मोठ्या आजारपणाच्या खर्चाचं संरक्षण वाढवणारा कायदा झाला. सही खुद्द रेगन यांची, तोवर ते राष्ट्राध्यक्ष झाले होते. पैसा मात्र वृद्धांकडूनच येणार होता. बऱ्या उत्पन्नाच्या वृद्धांवर जादा कर होता आणि कर आधी, लाभ नंतर. ऑगस्ट १९८९ मध्ये आमच्या शिकागोत रोस्टेनकाउस्की नावाच्या वजनदार खासदाराच्या गाडीला म्हाताऱ्यांनी घेरलं. एक आजी गाडीच्या बॉनेटला भिडलेल्या, हे मी संध्याकाळच्या बातम्यांत पाहिलं. शेवटी खासदार गाडीतून उतरून पळाले. त्या गर्दीतल्या कित्येकांना तो जादा कर पूर्ण लागणारही नव्हता. वर्ष संपायच्या आत संसदेने आपलाच कायदा मागे घेतला.

तेव्हा ब्लूग्रासकर, तुमच्या प्रश्नावर माझं उत्तर असं: नाव महत्त्वाचं, पण ‘आधी काय जाणार आणि नंतर काय येणार’ हा क्रम त्याहून महत्त्वाचा.

मंजिरी_७८, ५ नोव्हेंबर

काका, किती छान लिहिलंत! ती आजी डोळ्यांपुढे उभी राहिली.

वैदेही_क, ६ नोव्हेंबर

कॉफीला बोलवून तबकडी ऐकवायची म्हणजे हळदीकुंकवाला बोलवून वाणासोबत प्रचाराचा कागद देण्यासारखंच की! आमच्या वॉर्डात निवडणुकीच्या वर्षी संक्रांतीला अगदी हेच होतं. वाण मात्र चांगलं असतं.

ऑस्टिनचा_अभय, ६ नोव्हेंबर

वरचं वाचून असं वाटेल की विरोध करणारे सगळे प्रचाराला भुललेले. माझा याला स्पष्ट आक्षेप आहे.

माझा छोटा व्यवसाय आहे, विमा स्वतःचा स्वतः घेतो. २०१३ च्या नोव्हेंबरात विमा कंपनीचं पत्र आलं: तुमची पॉलिसी नव्या कायद्याच्या निकषांत बसत नाही, बंद करत आहोत. त्याआधी चार वर्षं राष्ट्राध्यक्ष स्वतः सांगत होते की तुमचा विमा तुम्हाला आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील. माझा मला आवडत होता आणि तो राहिला नाही. लाखो लोकांना अशी पत्रं गेली. प्रचारातले दावे तपासणाऱ्या ‘पॉलिटिफॅक्ट’ने त्या वाक्याला त्या वर्षीचं सगळ्यात मोठं असत्य ठरवलं होतं.

नव्या योजनेचा हप्ता जवळपास दीडपट आणि आमचे मुलांचे डॉक्टर नेटवर्कच्या, म्हणजे विमा कंपनीच्या यादीच्या, बाहेर. अनुदानासाठी उत्पन्नाची मर्यादा होती, दारिद्र्यरेषेच्या चौपट. मी तिच्या किंचित वर, म्हणून एक पैसाही नाही. हे मी कुठल्या वाहिनीवर ऐकलेलं नाही, माझ्या बँकेच्या खात्यात पाहिलंय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत, मान्य. पण ‘लोकांना कळत नाही’ हे वाक्य जे लोक सतत वापरतात, त्यांच्यावर लोक चिडतात, हेही लक्षात घ्या.

ब्लूग्रासकर, ६ नोव्हेंबर

अभय, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आक्षेप मान्य. ‘गळी उतरत नाही’ असं मी लिहिलं तेव्हा गळी उतरवण्यासारखं सगळंच होतं असं मी गृहीत धरलं. ते वाक्य खरं असतं, ‘बहुतेकांचा विमा राहील, काहींचा बदलेल’ असं सांगितलं असतं, तर कायदा पास झाला असता का? हा प्रश्न मला छळतो. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची आरोग्यविमा योजना बुडाली ती याच भीतीवर. हॅरी आणि लुईज नावाचं एक मध्यमवर्गीय जोडपं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून ‘आपल्याकडे आहे ते जाईल’ म्हणून काळजी करतंय अशी जाहिरात विमा कंपन्यांच्या संघटनेने केली होती. त्यातून धडा घेऊन ओबामांनी आधीच आश्वासन देऊन टाकलं असणार. पण ते सगळ्यांच्या बाबतीत पाळता येणारं नव्हतं.

डॉ_कृष्णाकाठ (सांगली), ६ नोव्हेंबर

आता आमच्याकडचं. आमचं रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे. ही योजना २ जुलै २०१२ ला ‘राजीव गांधी जीवनदायी’ नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर आली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि ९७१ उपचार. सरकार बदललं, २०१७ मध्ये नाव बदललं. २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. आता मर्यादा पाच लाख आणि सगळ्या रेशनकार्डांना लागू.

काउंटरवर आरोग्यमित्राच्या (योजनेचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) टेबलापाशी अर्धा तास उभे राहा, लोकमत काय असतं ते कळेल. नाव कुणीच घेत नाही. विचारतात, ‘डॉक्टर, योजनेत बसतंय का?’ बस्स. ‘योजना’ या एका शब्दात राजीव गांधी, फुले, आयुष्मान सगळे आले. काही वयस्कर माणसं अजून ‘जीवनदायी’ म्हणतात. १९९७ पासून त्या नावाची एक जुनी योजना होती, ते नाव तोंडात बसलंय. आणि खरं सांगायचं तर ते मराठी माणसाला लगेच कळणारं नाव होतं.

मागच्या महिन्यात एक आजोबा आले. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन. मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून केशरी कार्ड, आधार, जुनी चिठ्ठी असं सगळं काढून टेबलावर मांडलं. मंजुरी यायला दीड दिवस लागला. तो मुलगा दीड दिवस त्या टेबलासमोरच्या बाकावरून हलला नाही, चहालाही नाही. मंजुरी आली तेव्हा त्याने आधी आरोग्यमित्राचे हात धरले, मग माझ्याकडे आला. त्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे तो टेबलामागचा पोरगा.

उलट बाजूही लिहितो. पॅकेजचे दर तुटपुंजे, पैसे उशिरा येतात, म्हणून काही रुग्णालयं ‘खाट नाही’ सांगून परत पाठवतात. एकदा परत पाठवलेला माणूस गावात जाऊन दहा जणांना सांगतो, ‘योजना नुसती नावाला आहे.’ त्यापुढे कुठल्याही फ्लेक्सचा उपयोग होत नाही.

पाटलाचा_मळा, ६ नोव्हेंबर

डॉक्टर, शंभर टक्के. माझ्या चुलत्यांना दोन ठिकाणांहून परत पाठवलं होतं. तिसरीकडे झालं. आमच्या घरात आजही पहिल्या दोन ठिकाणांचीच गोष्ट सांगितली जाते.

रेवा_लंडन, ६ नोव्हेंबर

फ्लेक्स आणि नावावरून आठवलं. २०१८ मध्ये आयुष्मान भारतची पत्रं पंतप्रधानांच्या फोटोसह घरोघर गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये पश्चिम बंगालने योजनेतून अंग काढून घेतलं. पैसा आमचाही आणि श्रेय एकट्याचं, ही तक्रार. त्यांची स्वतःची ‘स्वास्थ्य साथी’ होतीच.

इथे ब्रिटनमध्ये नेमकं उलट आहे. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, त्याआधी इथल्या डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध होता. आज विचाराल तर एनएचएस कुठल्या पक्षाची नाही, ती ‘आमची’ आहे. त्यामुळे तिला शिव्याही हक्काने घालतात. सकाळी आठ वाजता डॉक्टरांच्या वेळेसाठी फोन लावायचा, रांगेत पंधरावा नंबर, आणि आपला नंबर येईपर्यंत वेळा संपलेल्या. हा माझा दर दोन महिन्यांचा अनुभव. पण ‘खाजगी करू या का’ म्हटलं तर हीच माणसं खवळतात, मीसुद्धा.

हेच प्रेम प्रचारासाठी कसं वापरतात तेही पाहिलं. युरोपीय संघ सोडायचा का, या २०१६ च्या सार्वमतात सोडा म्हणणाऱ्यांची एक लाल बस गावोगाव फिरत होती. तिच्यावर लिहिलेलं की युरोपीय संघाला आपण आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते एनएचएसला देऊ या. परत मिळणारा पैसा त्यात धरलेलाच नव्हता. सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं, तरी बस फिरत राहिली. माझ्या कचेरीतल्या एका बाईंनी त्या बसमुळेच मत दिलं. त्यांच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन दहा महिने लांबलं होतं. त्यांना मी काय बोलणार?

संपादक_मंडळ, ६ नोव्हेंबर

भारतातल्या पक्षांवरून सुरू झालेले चार प्रतिसाद काढले आहेत. कृपया विषयावर लिहा.

आनंदी_ग (पुणे), ७ नोव्हेंबर

मी पंधरा वर्षं अमेरिकेत परिचारिका होते, अतिदक्षता विभागात. २०१८ मध्ये परत आले. ‘डेथ पॅनेल’ हा शब्द अजून इथे कुणी काढला नाही, म्हणून लिहिते. हा शब्द मला फार लागलेला आहे.

२००९ च्या विधेयकात एक साधं कलम होतं. वृद्ध रुग्णाने आपल्या शेवटच्या आजारपणात काय हवं, काय नको, यावर डॉक्टरांशी स्वतःहून बोलायचं ठरवलं, तर त्या भेटीचे पैसे मेडिकेअर देईल. त्यात सक्ती कुठेच नव्हती. ऑगस्टमध्ये विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या नेत्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर लिहिलं की ओबामांचं ‘मृत्यूमंडळ’ ठरवणार कुणी जगायचं. दोन शब्द! महिन्याभरात माझ्या वॉर्डातले नातेवाईक मला विचारायला लागले, ‘तुमच्याकडे ते मंडळ आलंय का?’ कलम विधेयकातून काढून टाकावं लागलं. पुढे २०१६ पासून मेडिकेअरने नेमक्या याच भेटींचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा फारसं कुणी ओरडलं नाही. मधल्या सहा वर्षांत किती घरांत हे बोलणं व्हायला हवं होतं आणि राहून गेलं.

माझ्या वडिलांचं सांगते. २०१९ मध्ये इथे पुण्यात ते गेले. फुप्फुसाचा आजार, शेवटचा टप्पा. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडेही शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र मान्य केलं होतं, पण ती पद्धत इतकी किचकट होती की (२०२३ मध्ये ती जरा सोपी केली) रुग्णालयातल्या कुणीही त्यात पडायला तयार नव्हतं. बाबा शुद्धीत होते तेव्हा एकदा माझा हात धरून म्हणाले, ‘नळी नको गं.’ मी ज्या कामात आयुष्य घालवलं त्या कामात मला वडिलांचं हे एक वाक्य पाळता आलं नाही. कागद नव्हता. भाऊ म्हणाला, सगळे उपाय करू या. नळी घातली. अकरा दिवस.

तेव्हा कुणी ‘हा फक्त प्रचारातला शब्द होता’ म्हटलं की मला ते सहन होत नाही.

शिकागोचे_काका, ७ नोव्हेंबर

आनंदीताई, काय लिहू कळत नाही. आम्ही दोघांनी तो कागद मागच्या वर्षी भरला. प्रत मुलाकडे आणि मुलीकडे ठेवली आहे. तुमचा प्रतिसाद आज रात्री दोघांना वाचून दाखवतो.

वैदेही_क, ७ नोव्हेंबर

ताई, तुम्ही त्यांच्याजवळ होतात.

सर्वेक्षक (लातूर), ७ नोव्हेंबर

पाहण्यांच्या टक्केवारीबद्दल थोडं. मी आठ वर्षं घरोघर फिरून आरोग्यविषयक सर्वेक्षणं केली.

छापील प्रश्न असायचा, ‘सरकारी दवाखान्याच्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’ एका बाईंच्या ओट्यावर बसलो होतो, त्या शेंगा सोलत होत्या. ‘हो, बरं हाय की.’ मी खूण केली. पुढचा प्रश्न, ‘शेवटचं कधी गेला होता?’ हात न थांबवता म्हणाल्या, ‘आमी न्हाई जात. खाजगीतच जातो.’ पहिलं उत्तर दारात आलेल्या पाहुण्याला दिलेलं होतं, दुसरं खरं. फॉर्मवर मात्र त्या ‘समाधानी’च राहिल्या.

अमेरिकेतली उदाहरणंही हेच सांगतात. आरोग्यविषयक पाहण्या करणाऱ्या कैसर फाउंडेशनने जानेवारी २०१९ मध्ये विचारलं, सगळ्यांना सरकारी विमा हवा का? ५६ टक्के हो म्हणाले. मग सांगितलं, त्यात खाजगी विमा कंपन्या बंद होतील. पाठिंबा ३७ वर आला. माणसं तीच, फोन तोच. याचा अर्थ लोक चंचल आहेत असा मी घेत नाही. पहिल्या प्रश्नात फक्त मिळणारं दिसत होतं, दुसऱ्यात जाणारंही दिसलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी जाऊ नये, हे आपण पोरांना शिकवतोच की.

जयपूरवासी_देशमुख, ७ नोव्हेंबर

भारतात हा खेळ मी सगळ्यात जवळून पाहिला तो राजस्थानात. मार्च २०२३ मध्ये विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. आणीबाणीच्या प्रसंगी खाजगी रुग्णालयानेही आधी पैसे न मागता उपचार करायचे. खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, दोन आठवड्यांहून जास्त काळ दवाखाने बंद. त्यांचा मुद्दा, ‘आणीबाणी म्हणजे नेमकं काय आणि पैसे कोण देणार?’ रास्त प्रश्न होता. सरकारचा मुद्दा, ‘हक्क’. हाही रास्त. पण दोघांनीही एकमेकांच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. आमच्या गल्लीतला भाजीवाला त्या दिवसांत तापाने फणफणलेल्या पोरीला घेऊन तीन दवाखाने हिंडला. त्याला विचारलं कायदा कसा वाटतो. म्हणाला, ‘साहेब, तो आला तेव्हापासून दवाखाना बंद आहे.’ शेवटी एप्रिलच्या सुरुवातीला तडजोड झाली आणि बरीच खाजगी रुग्णालयं कायद्याबाहेर राहिली.

कुडाळचा_बाळा, ७ नोव्हेंबर

आमच्या सिंधुदुर्गाला मोठ्या आजारासाठी बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेजच जवळचं. २०१८ च्या जानेवारीपासून तिथे गोव्याबाहेरच्या पेशंटना फी लागली. गोव्यातल्या लोकांचं म्हणणं, खाटा आमच्या, कराचे पैसे आमचे. आमचं म्हणणं, आम्ही कधी परके होतो? माझ्या मावशीचं अर्धं माहेर गोव्यातल्या पेडण्यात. प्रचारात ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ हे शब्द आले की आजारी माणूस मागे पडतो, हे तेव्हा कळलं.

ऑस्टिनचा_अभय, ८ नोव्हेंबर

धागा खूप छान चाललाय. माझ्या वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी द्यायला हवी, नाहीतर ती अर्धवट गोष्ट होईल.

२०१७ मध्ये हा कायदा रद्द करायचं विधेयक आलं तेव्हा मी खूश व्हायला हवं होतं. पण २०१५ मध्ये बायकोला स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचार झाले, ती ठणठणीत आहे. मात्र जुन्या नियमांत तिला कुणीही विमा दिला नसता, ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून. जुलैमधल्या त्या रात्री आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर सिनेटर मॅककेन पुढे आले, हात वर धरला आणि अंगठा खाली केला. ४९ विरुद्ध ५१, विधेयक पडलं. ते स्वतः मेंदूच्या कर्करोगाने आजारी होते, आणि कायदा रद्द करायला निघालेल्या पक्षाचेच होते. बायको काही बोलली नाही. उठून आत गेली आणि झोपलेल्या मुलीच्या शेजारी जाऊन आडवी झाली.

माझी २०१३ ची तक्रार अजून खरीच आहे. पण ज्या कायद्याने माझा विमा घालवला त्यानेच तिचा वाचवला. पाहणीवाल्याने मला फोन केला तर मी काय सांगू, पाठिंबा की विरोध?

मंजिरी_७८, ८ नोव्हेंबर

अभय, वहिनींना आमचा नमस्कार सांगा. आणि पाहा, २०१७ मध्येच या कायद्याबद्दल चांगलं मत असणारे वाईट मत असणाऱ्यांपेक्षा जास्त झाले, ते आजवर तसेच आहेत. सात वर्षांच्या जाहिरातींनी झालं नाही ते तो जाण्याच्या भीतीने झालं. समर्थकांनी ‘कायदा वाचवा’ म्हणणं सोडून ‘आजारी माणसाला विमा नाकारू देऊ नका’ म्हणायला सुरुवात केली. कलमांच्या जागी माणूस आला.

डॉ_कृष्णाकाठ, ८ नोव्हेंबर

अभयजी, दोन्ही सांगा. फॉर्मवर जागा नसली तरी सांगा.

पाटलाचा_मळा, ८ नोव्हेंबर

ब्लूग्रासकर, त्या शेजारीणबाईंचं पुढे काय झालं? मूळ प्रश्न तसाच राहिला.

ब्लूग्रासकर, ९ नोव्हेंबर

सांगतो. आनंदीताईंचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही.

२०१५ मध्ये मॅट बेव्हिन गव्हर्नर झाले. कायनेक्ट बंद करणार हे त्यांनी प्रचारात सांगितलं होतं आणि बाईंनी त्यांनाच मत दिलं होतं. पुढच्या वर्षी नोंदणी केंद्राच्या संकेतस्थळावर गेली. पत्र घेऊन त्या आमच्या दारात आल्या, ‘माझं कायनेक्ट कुठे गेलं?’ मी तेव्हा त्यांना ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणालो नाही, याचं आज समाधान आहे. बसून नवा अर्ज भरून दिला. पुढे बेशीअरांचे चिरंजीव अँडी गव्हर्नर झाले आणि कायनेक्ट परत आलं. बाईंना आनंद झाला. ओबामाकेअरबद्दलचं मत मात्र तेच होतं.

काल संध्याकाळी त्यांनी बोलावलं. त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून नवीन वर्षाचा हप्ता पाहिला. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच. मग विचारलं, ‘हे कायनेक्टने वाढवलं?’ मी म्हटलं, नाही, अनुदान वॉशिंग्टनहून येतं, त्या कायद्यातून. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे पहिल्यापासून तेच होतं.’

पुढे त्यांनी जे विचारलं ते माझ्या अपेक्षेत नव्हतं. म्हणाल्या, ‘आपल्या दोन्ही सिनेटरांचे फोन नंबर शोधून दे. मी त्यांनाच मत देत आले आहे, त्यांनी माझं ऐकायला हवं.’ फ्रिजवरचं २०१३ चं ते पिवळं पडलेलं पत्र त्यांनी काढलं, उलटं करून माझ्यापुढे ठेवलं, आणि मी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नंबर मोठ्या आकड्यांत लिहून दिले. पत्र पुन्हा कोंबड्याच्या चुंबकाखाली गेलं, या वेळी मागची बाजू पुढे करून. उद्या सोमवार, नऊ वाजता फोन लावणार आहेत. मला शेजारी बसायला बोलावलंय.